वेदीवरचा परवाना

१

गुरुवारी सकाळी गावचे पाद्री थिमिओसबाबा चर्चमधून परतले, बुटांवरचा बर्फ न झटकताच घरात आले आणि चुलीजवळच्या बाकावर बसून म्हणाले, "परवाना गेला."

इव्हान्थिया तव्यावर चीजची पोळी परतत होती. मोठा उपास तोंडावर आला होता, घरातलं दूध-चीज संपवायची गडबड गावातल्या सगळ्याच बायकांना होती. "कुठला परवाना?" तिने विचारलं.

"लाम्ब्रिनी आणि स्तेर्गिओसच्या लग्नाचा. वेदीवर ठेवला होता, शुभवर्तमानाच्या ग्रंथाखाली. आता तिथे नाही."

"नीट पाहिलंत?"

"पाहिलं."

"शेवटचा कधी पाहिला होतात?"

"काल. संध्याकाळच्या प्रार्थनेला."

पोळी एका बाजूने करपली. इव्हान्थियाने ती तशीच ताटलीत टाकून नवऱ्यापुढे ठेवली. बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

त्या एका कागदासाठी काय काय खटाटोप झाला होता! दोघंही बिनलग्नाचे असल्याचा बाबांचा दाखला, दोघांच्या बाप्तिस्म्याची नोंद, 'या लग्नाला कसलाही अडथळा नाही' असं शपथेवर सांगणारे दोन साक्षीदार, मुद्रांक, आणि या सगळ्यावर खाली शहरात बिशपच्या कारकुनाचं कपाळाला आठ्या घालून बसणं. माणसं लग्न करतात म्हणजे आपल्याच घरचं काहीतरी उचलून नेतात, असं त्या कारकुनाला वाटत असावं. अखेर बुधवारच्या बसने परवाना आला. बस माघारी गेली आणि मागोमाग घाट बर्फाने बंद झाला. तारा तुटल्या, टेलिफोन मुका झाला.

आता रविवार हा शेवटचा दिवस होता. सोमवारपासून मोठा उपास, म्हणजे पास्खाचा, ईस्टरचा सण होईपर्यंत कुठल्याच चर्चमध्ये लग्न लागणार नव्हतं. आणि येत्या बुधवारी स्तेर्गिओसचं जहाज पिरेयस बंदरातून ऑस्ट्रेलियाला सुटणार होतं. परवाना हातात असल्याशिवाय कुठलाही पाद्री लग्नाला उभा राहत नाही, आणि पाद्र्याशिवाय लग्न नाही. एवढं तर गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

गावाला ठाऊक नव्हतं ते एकट्या इव्हान्थियाला ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात लाम्ब्रिनी तिच्या स्वयंपाकघरात येऊन रडली होती. तिला तिसरा महिना लागला होता.

"मावशी, रविवारी लग्न झालं तर कोणाला कळणारही नाही," ती म्हणाली होती. "नाही झालं तर भाऊ मला घरात ठेवणार नाहीत."

ती अतिशयोक्ती करत नव्हती. तिचे भाऊ कसे आहेत ते इव्हान्थिया ओळखून होती. दहा वर्षांपूर्वी खालच्या आळीतली अशीच एक पोर विहिरीत सापडली होती. तिला कोणी ढकललं की ती आपणहून गेली, हे अजून कोणी मोठ्याने विचारलेलं नव्हतं.

"चर्चला कुलूप होतं?" इव्हान्थियाने विचारलं.

"होतं. सकाळी मीच उघडलं."

किल्ल्या दोनच होत्या. एक बाबांकडे, दुसरी प्रार्थनेत स्तोत्रं गाणाऱ्या किट्सोसकडे. आणि गाभाऱ्यात तर बाईचं पाऊल पडतच नाही. इव्हान्थिया लग्न होऊन या गावात आल्यापासून गाभाऱ्याचा पडदा धूत आली होती, पण त्याच्या पलीकडे तिने कधी पाय टाकला नव्हता. म्हणजे चोर पुरुष होता, आणि त्याच्या हातात किल्ली होती.

"मग हा किट्सोसच," ती म्हणाली.

बाबा उठले आणि पोळी तशीच टाकून पुन्हा बाहेर पडले.

२

दुपारपर्यंत गावानेही तोच निकाल दिला होता. किट्सोस कॉफीचं दुकान चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने लाम्ब्रिनीला मागणी घातली होती आणि तिने नाही म्हटलं होतं. नाही म्हणताना ती हसली होती, असं लोक सांगत. एवढं पुरेसं होतं.

बाईमाणसाने कॉफीच्या दुकानात जायचं नसतं. इव्हान्थिया मागच्या दाराने शिरली. तोवर पुढे रणधुमाळी सुरू झाली होती. स्तेर्गिओसने किट्सोसची गचांडी धरून त्याला भिंतीला टेकवलं होतं, दोन कप फुटले होते, आणि गावातले उरलेसुरले म्हातारे खुर्च्या मागे सरकवून तमाशा बघत होते. तरुण पोरं होतीच कुठे! जर्मनी, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया. गावात लग्नं व्हायची एखाददुसरी, मयतं मात्र चालूच.

"काढ परवाना!" स्तेर्गिओस ओरडत होता. "काढ, नाहीतर इथेच गाडतो तुला!"

"अरे पण घेतलाच नाही तर काढू कुठून? कोंबडी आहे का मी?"

तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि थिमिओसबाबा आत आले. त्यांच्या दाढीत बर्फ अडकला होता. "सोड त्याला," ते म्हणाले. "किट्सोसने घेतलेला नाही."

"मग कोणी घेतला, बाबा?"

बाबा वळले आणि आले तसे निघून गेले. स्तेर्गिओसचा हात आपोआप सुटला. पाद्रीबाबांनीच सांगितल्यावर वाद कसला घालायचा? तो बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. म्हाताऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

"या, पाद्रीणबाई," किट्सोसने सदऱ्याची तुटलेली बटणं गोळा करत म्हटलं. "तुम्हीही गचांडी धरायला आलात?"

"किल्ली कुठे आहे तुझी?"

त्याने गल्ल्यामागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "बघा. अख्ख्या गावाच्या डोळ्यांसमोर लटकलीय. रविवारपासून माझा घसा बसलाय, चर्चला गेलोच नाही. काल दुपारपासून हे सगळे बोके इथे पत्ते कुटत होते, विचारा त्यांना. लघवीला उठलो तर तेसुद्धा मोजलं असेल यांनी."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. किल्लीवर कॉफीच्या वाफेचा चिकट थर होता आणि त्यावर धूळ. बोटाचा ठसा कुठेच नव्हता.

"काल प्रार्थनेनंतर चर्चकडे कोणी गेलेलं दिसलं?"

"तुमचेच बाबा. अंधार पडायच्या सुमाराला देस्पो म्हातारीकडून परत येताना. गाभाऱ्याच्या खिडकीत बराच वेळ दिवा होता. म्हातारी गेली की काय म्हणून मी घंटा वाजायची वाट बघत होतो."

देस्पो गावची सुईण. शरद ऋतूपासून अंथरुणाला खिळलेली होती. काल तिने इव्हान्थियाकडूनच बाबांना निरोप पाठवून मरणाआधीच्या प्रभुभोजनाचा प्याला मागितला होता.

"खरं सांग किट्सोस," इव्हान्थियाने आवाज खाली आणला. "तुला हे लग्न मोडावं असं वाटत होतं ना?"

"वाटत होतं," तो म्हणाला. "अजूनही वाटतं. पण पाद्रीणबाई, मला चोरायचंच असतं तर मी नवरी चोरली असती. कागद घेऊन काय करू, चाटू?" मग तो खिन्नपणे हसला. "माझ्या आईने देस्पोच्या पाया पडून सांगितलं होतं, बाप्तिस्म्याला याची धर्मआई तू हो, तुझ्या हाताला यश आहे. म्हातारी नाही म्हणाली. ती फक्त पोरींना पदरात घेणार, पोरगा नको. म्हणे, माझ्या पोरींना उद्या गावात नवरे उरायला नकोत का? लाम्ब्रिनी तिच्याच पदरातली. म्हणजे बघा, धर्माच्या बाजूने मी अगदी मोकळा होतो. घोडं अडलं ते तिच्या हसण्यावर."

३

हाइदोचं घर वरच्या आळीत होतं. स्तेर्गिओसची ही विधवा आई या लग्नाच्या विरुद्ध आहे, हे गावात कोणापासून लपलेलं नव्हतं. लाम्ब्रिनी हुंडा म्हणून एक शेळी आणि दोन घोंगड्या घेऊन येणार होती, आणि ती शेळीसुद्धा भाकड होती.

"तुझा तर हात नाही ना यात?" इव्हान्थियाने चुलीपुढे बसता बसताच विचारून टाकलं.

"माझा? गाभाऱ्यात?" हाइदोने छातीवर क्रूस काढला. "जीभ झडेल तुझी! पाद्र्याची बायको आहेस म्हणून काहीही बोलशील?"

"तू जायची नाहीस. कोणाला तरी पाठवलंही असशील."

"अगं बाई, मला हे लग्न हवंय! आता हवंय!" हाइदो एकदम रडायलाच लागली. "आधी नको होतं. पण आता तो चाललाय. इथे बायको असली तर आज ना उद्या परत येईल, निदान तिला बोलावताना मला चार ओळी लिहील. सडाफटिंग गेला तर तिकडची कोणीतरी गाठेल आणि माझा पोरगा मला मेल्यासारखाच. मी कशाला चोरू तो कागद? उलट उशाशी घेऊन झोपले असते."

ते खरं होतं. इव्हान्थियाने तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागला होता.

"असाच बर्फ होता तो जन्मला तेव्हा," हाइदो नाक पुसत म्हणाली. "लढाईचा शेवटचा हिवाळा. खालचं गाव जाळलं होतं, तेव्हाचे पाद्री डोंगरात पळाले होते. तुम्ही दोघं नंतर आलात, तुम्हाला काय ठाऊक! निळा पडला होता गं. ऊं नाही की चूं नाही. देस्पोने माझ्या हातातून ओढून घेतला आणि उंबऱ्याबाहेर नेला. मला वाटलं, पुरायलाच नेला. परत आणला तेव्हा रडत होता."

"मग बाप्तिस्मा?"

"वसंतात तुमच्या आधीचे पाद्री आले तेव्हा, खालच्या गावच्या व्यापाऱ्याच्या हातून. मोठा धर्मबाप! धर्मबापाने दर पास्खाला मेणबत्ती पाठवायची असते, याने दोन वर्षं पाठवली आणि विसरला. शेवटी देस्पोच देते बिचारी. खायला नाही घरात, पण दर पास्खाला माझ्या पोराला मेणबत्ती आणि हाताने विणलेले मोजे. तिची ती माया."

इव्हान्थिया उठली. देस्पोचं सूप द्यायची वेळ झाली होती. म्हातारीकडे तिच्याखेरीज कोणी फिरकत नसे.

दारातून बाहेर पडताना तिला एकदम आठवलं, की बाबांची काडेपेटी जागेवर नसली तर ते अख्खं घर डोक्यावर घेतात. आज बिशपच्या सहीचा कागद गाभाऱ्यातून गेला आणि ते आवाज न चढवता चुलीजवळ बसले होते. ती सूप घेऊन टेकडी चढू लागली. पावलं एरवीपेक्षा जड पडत होती.

४

देस्पोच्या दारापुढे बर्फ अगदी सपाट होता. काल रात्रीपासून आत कोणी गेलं नव्हतं, बाहेर कोणी आलं नव्हतं. इव्हान्थियाने खांद्याने दार लोटलं.

म्हातारी घोंगडीखाली एवढीशी झाली होती. डोळे मात्र लख्ख उघडे. सूप बघून तिने मान फिरवली.

"थांबलं का गं लग्न?" तिने विचारलं.

इव्हान्थियाने भांडं खाली ठेवलं. गावात हलकल्लोळ माजला होता, पण या घरात तो पोचवायला कोणी आलंच नव्हतं. म्हातारीने लग्न कधी आहे असं विचारायला हवं होतं. पोरीचा पोशाख शिवून झाला का, असं विचारायला हवं होतं. तिची धर्मआई होती ती.

"का थांबेल, देस्पोआजी?"

घोंगडीतून हात काढून देस्पोने इव्हान्थियाचं मनगट पकडलं. सुईणीचा हात, अजून घट्ट होता.

"बाबांना सांगितलंय मी सगळं," ती म्हणाली. "आता ते बघतील. मला सुखाने मरू दे, पोरी."

इव्हान्थियाने तिला चार चमचे सूप पाजलं, चुलीत लाकडं सारली, अंथरूण नीट केलं. हात आपलं काम करत होते. डोक्यात मात्र एकामागून एक दारं उघडत होती आणि प्रत्येक दार तिच्या स्वतःच्याच घराकडे जात होतं. तिला राग आला. नवऱ्याचा, म्हातारीचा, आणि सगळ्यांच्या आधी हे कळलं त्या आपल्या डोक्याचा.

५

बाबा चुलीपुढे बसले होते. दिवा लावलेला नव्हता. इव्हान्थियाने तो लावला, मेजावर ठेवला आणि समोर बसली.

"तुम्ही काही बोलू नका," ती म्हणाली. "तुम्हाला बोलता येत नाही, ते मला समजलंय. मी बोलते. चुकलं तर मान हलवा."



"परवाना तुम्हीच काढलात. प्रार्थनेच्या वेळी शेवटचा पाहिला म्हणालात. पण देस्पोकडून आल्यावर प्याला परत ठेवायला तुम्ही गाभाऱ्यात गेला होतात. प्याला वेदीवरच राहतो, ग्रंथाच्या शेजारी. किट्सोसला बराच वेळ दिवा दिसला. तेव्हा परवाना तिथे नसता तर तुम्ही रात्रीच गाव जागं केलं असतंत. आणि असता, तर बाहेर जाऊन कुलूप लावल्यावर आत कोणी जाणार कसं? दुसरी किल्ली खिळ्यावरून हललेली नाही. आणि दुपारी किट्सोसला सोडवताना एवढ्या खात्रीने बोललात. एवढी खात्री ज्याला चोर ठाऊक असतो त्यालाच असते."

चुलीत एक लाकूड फुटलं.

"आता का काढलात ते सांगते. काल प्याला घेण्याआधी देस्पोने पापांची कबुली दिली. कबुलीतलं तुम्ही मेलात तरी सांगणार नाही. पण ते मी तुमच्याकडून ऐकलेलंच नाही, मी हाइदोकडून ऐकलंय, तिला स्वतःलाही ते कळलेलं नाही. मरणाऱ्या पोराला बाप्तिस्म्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. पाद्री नसला तर हाताशी असेल त्याने पोर तीनदा आभाळाकडे उचलायचं आणि ते शब्द म्हणायचे. हवेतला बाप्तिस्मा. देस्पोने स्तेर्गिओसला त्यासाठीच उंबऱ्याबाहेर नेलं होतं. पोर जगलं. वसंतात त्याला व्यापाऱ्याने पाण्यात धरलं, तेल लावलं, नोंद झाली. देस्पो गप्प राहिली. सुईणीने उचललं हे कोणाला सांगायचं, आणि कशाला? पण मनातून तो तिचा पोरगा झाला होता, म्हणून तर मेणबत्ती. आणि मग लाम्ब्रिनी जन्मली. देस्पो फक्त पोरींनाच घ्यायची, तिने हिलाही घेतलं. एवढ्या पोरांमधून नेमकी हीच दोघं एकमेकांना पसंत करतील असं तिला कुठे वाटलं असणार? एका धर्मआईची दोन लेकरं. चर्चच्या लेखी बहीण-भाऊ, त्यांचं लग्न लागत नाही. लग्न ठरल्यापासून म्हातारी आतल्या आत जळत असेल. मरण समोर दिसलं तेव्हा बोलली."

बाबांनी मान हलवली नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि दाढीत मुरलं.

"कागद कुठे आहे?"

त्यांनी चुलीकडे पाहिलं. सकाळी तिनेच ती फुंकून पेटवली होती.

इव्हान्थियाचा स्वर चढला. "कबुलीतलं बोलायचं नाही, पण कबुलीवरून चोरी करायची, हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय? किट्सोसला आज मारलं असतं त्या पोराने!"

"मी लग्न लावू शकत नाही," बाबा पहिल्यांदाच बोलले. "का लावत नाही तेही सांगू शकत नाही. काल म्हातारीकडे जाऊन आलो आणि आज नाही म्हटलं, तर गाव काय ते समजेल. पास्खा होऊ दे. घाट उघडला की बिशपना विचारीन, नाव न घेता. तोवर तो पोरगा लांब गेलेला असेल. कदाचित आपोआपच..."

"पास्खापर्यंत पोट दिसेल तिचं."

बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिला त्यांची दया आली, आणि दया आली याचाही राग आला.

"कोणाला ठाऊक आहे?"

"मला. आणि आता तुम्हाला. खालच्या आळीतली ती पोर आठवते? तिचीही मयताची प्रार्थना तुम्हीच म्हटली होती. अहो, हवेत उचललं होतं त्याला. ना पाणी होतं, ना तेल. तेलाशिवाय कसलं नातं?"

"शब्द तेच होते, इव्हान्थिया."

"मरणाऱ्या पोराला हाक मारली म्हातारीने, एवढंच."

"ते तू ठरवणार? मी ठरवणार?" ते थकून म्हणाले. "मला ठाऊक नाही. खरंच नाही. ठाऊक असतं तर एकतर लग्न लावलं असतं, नाहीतर सगळ्यांसमोर नाही म्हटलं असतं."

इव्हान्थियाने फडताळातून चर्चचा कागद आणला. बाबांची नजर अधू झाल्यापासून चर्चची सगळी पत्रं तिच्याच अक्षरात जात. बाबा सही करत आणि शिक्का मारत. "घाट बसला बंद आहे, माणसाला नाही," ती म्हणाली. "किट्सोसचं खेचर वाट ओळखतं. उद्या पहाटे निघाले तर रात्रीपर्यंत शहरात पोचतील. बिशपच्या कचेरीत सगळी नोंद आहे, नवा परवाना शनिवारी मिळेल, तिथलाच पाद्री लग्न लावेल. तुमचे हात मधे येत नाहीत. सांगा, काय लिहू?"

"लिही," बाबा म्हणाले. "आधीचा परवाना हरवला."

तिने लिहिलं. "पुढे?"

"एवढंच."

"कारकून विचारणार. 'या लग्नाला अडथळा नाही' हे तुमच्याकडून असल्याशिवाय तो दुसरा परवाना देणार नाही, तुम्हीही जाणता."

"ते मी सांगणार नाही."

त्यांनी लेखणी तिच्या हातातून घेतली. एरवी ते शेवटच्या ओळीला चिकटून सही करायचे, इतकी चिकटून की कधी अक्षरांवरच चढायची. आज त्यांनी कागद पुढे ओढला आणि अगदी तळाशी, कडेला सही केली. शिक्का मारला. मधे कोरी जागा राहिली. मग ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

इव्हान्थिया त्या कोऱ्या जागेकडे बघत उभी राहिली. तिला वाटलं, लाम्ब्रिनीला बोलावून सगळं सांगावं, तिचं तिला ठरवू द्यावं. पण ऐकल्यावर ती पोर आयुष्यभर त्या नवऱ्याशेजारी कशी झोपेल? पोटातल्या लेकराकडे कुठल्या डोळ्यांनी बघेल?

तिने उभ्या उभ्याच लिहिलं, 'या लग्नाला कसलाही अडथळा नाही.' अक्षर नेहमीसारखंच आलं.

६

शुक्रवारी उजाडताना तिघं निघाली. लाम्ब्रिनी खेचरावर, दोन्ही पुरुष पायी. स्तेर्गिओस आणि किट्सोस एकमेकांशी बोलत नव्हते, पण चढावर एकाने दुसऱ्याला हात दिलेला इव्हान्थियाने खिडकीतून पाहिला. मग धुक्याने ते दिसेनासे झाले.

बाबा दोन दिवस घरात जेवले, झोपले, प्रार्थनेला गेले आणि तिच्याशी मिठाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोलले नाहीत.

रविवारी दुपारी किट्सोस रात्रभर खेचर हाकत एकटाच परत आला. मागच्या दाराशी उभा राहून त्याने टोपी काढली. "झालं," तो म्हणाला. "काल संध्याकाळी. नवरी त्याला बोटीवर बसवून मग येईल, सासूकडेच राहील. कारकुनाने तुमचा कागद दोनदा वाचला. मग साक्षीदार मागितला, अडथळा नाही म्हणून शपथ घ्यायला. मीच घेतली. आणि रीतीप्रमाणे दोघांच्या डोक्यावरचे लग्नाचे मुकुटही मीच अदलाबदल केले, दुसरं कोण होतं? हात थरथरला नाही, सांगून ठेवतो." त्याने टोपी पुन्हा घातली. "बाबांनी त्या दिवशी माझी बाजू घेतली. त्यांना म्हणावं, मी विसरणार नाही."

"सांगते," इव्हान्थिया म्हणाली.

ती सूप घेऊन देस्पोकडे गेली. म्हातारीला आता सूप गिळता येत नव्हतं. श्वास घरघरत होता. तिने डोळे उघडले आणि विचारलं. शब्द उमटला नाही, फक्त ओठ हलले, पण काय विचारलं ते कळण्यासारखं होतं.

"थांबलं, आजी," इव्हान्थिया म्हणाली. "लग्न थांबलं. झोप आता."

देस्पोच्या चेहऱ्यावरची एकेक शीर सैल झाली. इव्हान्थिया तिचा हात धरून बसली. तो हात गार पडल्यावर तिने तो छातीवर ठेवला, डोळे मिटले, आरशावर फडकं टाकलं आणि घंटा वाजवायला सांगायला खाली गेली.

त्या संध्याकाळी क्षमेची प्रार्थना होती. मोठ्या उपासाआधी सगळं गाव रांगेने पाद्र्यापुढे येतं. तो प्रत्येकाची क्षमा मागतो, आलेला माणूस म्हणतो, देव तुला क्षमा करो, आणि मग आपलीही मागतो. किट्सोस आला. हाइदो आली, लेकाचं लग्न झाल्याच्या आनंदात आणि लेक गेल्याच्या दुःखात हुंदके देत. बाबा प्रत्येकापुढे वाकत होते आणि तेच शब्द म्हणत होते.

इव्हान्थिया शेवटून दुसरी होती. बाबा तिच्यापुढे सगळ्यांपेक्षा जास्त वाकले.

"मला क्षमा कर," ते म्हणाले.

तिने ठरलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं. या गावात पाद्री एकच होता. तिची कबुली ऐकणारा दुसरा कोणी नव्हता, आणि या माणसापुढे ती कबुली द्यायची तिची तयारी नव्हती, त्याचीही ऐकायची नव्हती.

"मी केली," ती हळूच म्हणाली. "देवाचं मला ठाऊक नाही."

बाबा तसेच वाकून राहिले. तिने स्वतःसाठी काही मागितलं नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला जागा करून देऊन ती बाहेर पडली आणि देस्पोला आंघोळ घालायला पाणी तापवायचं होतं म्हणून भरभर घराकडे चालू लागली.